लाल पडद्याआडची जुनी दप्तरं

जुनी वेबसाइट उघडायला जावं आणि मजकुराऐवजी सगळा स्क्रीन लाल व्हावा, हा अनुभव अनेकांना आला असेल. या पडद्याची कथा २००६ पासूनची. त्या वर्षी फायरफॉक्स २ हा ब्राउझर फसव्या साइटची यादी पाहून सावध करू लागला. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आणि पाठोपाठ क्रोम आले, आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइटही वाटेतच अडवल्या जाऊ लागल्या. यादी गूगलची.

ही यादी किती नाजूक, ते ३१ जानेवारी २००९ ला कळलं. आपल्याकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजले होते. गूगलवर काहीही शोधलं तरी प्रत्येक साइटपुढे ‘संगणकाला अपाय होऊ शकतो’ असा इशारा. यादीत कुणाच्या तरी हातून नुसती ‘/’ ही तिरकी रेघ नोंदली गेली होती. ही रेघ प्रत्येक वेब-पत्त्यात असतेच. सगळं जाळंच धोकादायक ठरलं! तासाभरात चूक निस्तरली. गूगलने ती मान्यही केली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये नेमकं उलट घडलं. पीएचपी या संगणकभाषेची अधिकृत साइट लाल झाली. सांभाळणाऱ्यांना आधी तो खोटा इशारा वाटला. तपासल्यावर दोन सर्व्हरमध्ये खरोखर घुसखोरी झालेली निघाली. म्हणून इशाऱ्यांवर सरसकट अविश्वास दाखवणंही योग्य नाही.

मात्र जुन्या संग्रहांची यात फार परवड होते. वीस वर्षांपूर्वीच्या पानावर परक्या साइटचा ‘भेट देणाऱ्यांची संख्या’ मोजणारा काउंटर असतो; त्या साइटचं डोमेन मुदत संपून भलत्याच्या हाती जातं आणि तिथून काही घातक आलं की जुनं पानही लाल होतं. कधी एखाद्या जुन्या प्रोग्रामच्या फाइलवर संशय येतो आणि तिच्यापायी अख्खी साइट अडकते. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर ‘नॉट सिक्युअर’ असा शिक्का मारतो. वाटेतली देवाणघेवाण कुलूपबंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाचक मात्र ‘साइट घातक’ असं समजून माघारी फिरतो.

लाल शेरा काढायचा तर मालकी सिद्ध करून फेरतपासणी मागावी लागते. मालकच हयात नसेल, तर मागणार कोण? निर्दोष संग्रहालाही मग वाली उरत नाही.

तुमच्या हाती असा एखादा संग्रह असेल तर परके दुवे काढा, देवाणघेवाण कुलूपबंद करणारं ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेचं मोफत प्रमाणपत्र बसवा आणि साइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, आणखी एका विश्वासू माणसाकडे देऊन ठेवा. हे आजच करा.