गॅरेजसाठी कॉम्प्रेसर घेताना

दुकानदार आधी टाकी दाखवतो. पण टाकी हवा फक्त साठवते. भरतो तो पंप. म्हणून विचारायचं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, आणि तेही प्रत्यक्ष बाहेर मिळणाऱ्या हवेचं. पिस्टन डिस्प्लेसमेंटचा आकडा त्याहून मोठाच असतो, आणि जाहिरातीत तोच झळकतो. पंक्चर काढणं, टायरमध्ये हवा भरणं एवढंच असेल तर सिंगल फेजवर चालणारा २ एचपीचा बेल्टवाला पुरतो. रंगाची गन मात्र खादाड. ट्रिगर दाबलेला असेपर्यंत हवा पीतच राहते. बिनतेलाचा डायरेक्ट मोटरवाला स्वस्तात मिळतो, पण कानठळ्या बसवतो आणि दिवसभराच्या राबण्यात लवकर तापतो. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून हवेतल्या बाष्पाचं साचलेलं पाणी काढा, नाहीतर ती आतून गंजते. कोकणातल्या पावसाळ्यात किती पाणी निघतं ते पाहून दचकाल.