खळीने चिकटवलेल्या नटी

सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड म्हणजे मुळात नुसता पुठ्ठा. कागदी पाकीट खिशात चेपू नये म्हणून तो ताठ तुकडा घालत. अमेरिकेतल्या कंपन्यांनी १८८०च्या दशकात त्यावर नाटकातल्या वेषातल्या नटी छापल्या, इंग्लंडने तेच उचललं आणि लोक जमवू लागले. विल्सच्या ‘सिझर्स’ सिगारेटबरोबर अशी कार्डं हिंदुस्थानातही आली. इंदापूरच्या एका वाड्यातून आमच्याकडे बारामतीला आलेल्या वहीत ती खळीने चिकटवलेली आहेत. सध्या ती मी एकेक तपासतो आहे.

कार्ड जेमतेम पावणेतीन इंच लांब, दीड इंच रुंद. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी धरायचं आणि आधी ठिपके शोधायचे. ओळीत, सारख्या अंतरावर असले तर हाफटोन. वेडेवाकडे, रंगावर रंग चढलेले असले तर शिळाप्रेस. ठिपका नाहीच, गालावरची सावली सलग उतरत गेलेली, तर तो खरा फोटो. मग वही खिडकीशी तिरपी धरायची. गडद भागावर निळसर, रुपेरी झाक चमकली की समजायचं, फोटोतली चांदी वर येऊ लागली आहे. अशा कार्डाला बोटही लावायचं नाही.

एका पानावर मी बराच थांबलो. परदेशी नटींच्या रांगेत, मासिकातून कापलेले बालगंधर्व, रुक्मिणीच्या वेषात. ही भूमिका ‘स्वयंवर’ नाटकातली; ते रंगभूमीवर आलं १९१६ साली. भिंगाखाली चेहरा ठिपक्यांत विरघळतो; शालूचा काठ, नथ, अंबाड्यातली फुलं मात्र ओळखू येतात. त्यांचं नेसणं आणि गजरा माळणं घराघरांतल्या बायकांनी उचललं होतं. वही करणाऱ्यानेही या स्त्रीपार्टी नटाला वेगळं पान दिलेलं नाही. नटींमध्येच बसवलं आहे. त्या काळच्या प्रेक्षकाची नजर मला कुठल्याही नाट्यपरीक्षणापेक्षा या पानात स्पष्ट दिसते.

म्हणूनच कार्डं सुटी करायला मी तयार नाही. सुट्या कार्डाला गिऱ्हाईक सहज मिळतं, हे खरं. पण पाण्याने खळ सुटेपर्यंत फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, आणि कोरडं ओढलं तर पाठ फाटते. शिवाय कोणाशेजारी कोण, हे कायमचं जातं. पानांमध्ये आम्लरहित कागद घातला आहे. नोंदी वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने. नटीचं नाव छापलेलं असेल तरच लिहितो.