गटार शेवटी कोठे जाते?

पावसाळा मध्यावर आला की आमच्यासारख्या डॉक्टरांकडे काविळीचे रुग्ण वाढू लागतात. भूक मेलेली, फोडणीच्या वासानेही मळमळ, लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे. बरोबर आलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो पथ्याचा. हळद चालेल का, तेल बंद करायचे का, काविळीची माळ घालावी का. माळेने अपाय होत नाही आणि उपायही होत नाही, एवढेच मी सांगतो. पण आपल्या गल्लीतले गटार शेवटी कोठे जाते, असे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक काविळीच्या साथीचे, विषमज्वराचे, हगवणीचे आणि कॉलऱ्याचे मूळ बहुतेक वेळा त्या गटारातच सापडते.

म्हणून आज गोळ्या-औषधांऐवजी एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्राविषयी लिहितो. हे केंद्र अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराच्या समुद्रकाठी आहे. त्याचे नाव वेस्ट पॉइंट. ते चालवते किंग काउंटी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांमुळे या काउंटीतील बेलव्ह्यू, रेडमंड भागात बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. वाचकांपैकी काहींची मुले-सुना तिकडे असतील. त्यांच्या घरचे सांडपाणी याच काउंटीच्या केंद्रांकडे जाते.

श्रीमंत देशात हे सारे आपोआप झाले असेल, असे आपल्याला वाटते. तसे नाही. सिएटलच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन नावाचे मोठे सरोवर आहे. आजूबाजूची लहान लहान गावे आपले सांडपाणी थोडीफार प्रक्रिया करून त्यातच सोडत असत. १९५५ साली प्रा. एडमंडसन या प्राणिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्या पाण्यात ऑसिलेटोरिया जातीचे शेवाळ सापडले. सरोवर बिघडू लागल्याची ती खूण होती. सांडपाण्यातील फॉस्फरसवर हे शेवाळ पोसते. पाणी इतके गढूळ झाले की १९६४ च्या सुमारास पांढरी तबकडी पाण्यात सोडली तर अडीच फुटांवर दिसेनाशी होई. गावोगावचे मैलापाणी एकत्र गोळा करणारी एक संस्था काढावी, असा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदानाला आला आणि लोकांनी तो चक्क फेटाळला! सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा तो मंजूर झाला. १९६६ साली वेस्ट पॉइंट सुरू झाले, १९६८ पर्यंत सरोवरात जाणारे मैलापाणी पूर्ण वळवले गेले आणि तबकडी १० फुटांपर्यंत दिसू लागली. पुढे १९९४ साली ही संस्था काउंटीत विलीन झाली.

आता या केंद्रात होते काय ते पाहू. मैलापाणी शुद्ध करायचे म्हणजे त्यात औषध टाकायचे, अशी पुष्कळांची समजूत असते. औषध, म्हणजे क्लोरिन, शेवटी येते. आधी जाळ्यांतून चिंध्या, काड्या, प्लॅस्टिक अडवतात. नंतर मोठ्या टाक्यांत पाणी संथ ठेवून जड गाळ खाली बसवतात. १९९५ पर्यंत वेस्ट पॉइंटला एवढेच होत असे. पण पाण्यात विरघळलेली घाण अशी खाली बसत नाही, ती खावी लागते. खाणारे असतात जीवाणू. टाकीत प्राणवायू सोडून त्यांना पोसायचे. ते घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून जड होतात आणि पुढच्या टाकीत तळाशी बसतात. वर निवळलेले पाणी राहते. त्यातले काही जीवाणू पुन्हा पहिल्या टाकीत सोडायचे, दह्याला विरजण लावावे तसे. गोळा झालेला गाळ बंद टाक्यांत साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअसवर कुजवतात. म्हणजे जवळजवळ आपल्या शरीराइतकीच ऊब. त्यातून जळणारा वायू निघतो आणि उरलेला गाळ खत म्हणून वापरता येतो.

रोगजंतूंना मारायला जंतूच कामाला लावलेले आहेत, हे डॉक्टर म्हणून मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे. पण ही मंडळी जिवंत आहेत. त्यांना अन्न, हवा आणि ऊब हवी. ती तुटली की काय होते, हे २०१७ साली दिसले.

९ फेब्रुवारी २०१७. मध्यरात्र उलटलेली, जोराचा पाऊस, समुद्राला भरती. जुन्या सिएटलमध्ये पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून वाहते, त्यामुळे अशा रात्री केंद्रावर फार ताण येतो. कोरड्या दिवसांत तेथे दिवसाला सुमारे ३४ कोटी लिटर पाणी येते. पावसात १६६ कोटी लिटरपर्यंत घेण्याची क्षमता आहे. त्या रात्री वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि शुद्ध पाणी समुद्रात ढकलणारे पंप बंद पडले. बाहेर जायची वाट बंद, आणि आत पाणी येतच होते. पातळी वाढली की धोक्याची सूचना देऊन येणारे पाणी थांबवणारी तरंगती बटणे बसवलेली होती. आपल्या गच्चीवरच्या टाकीत असते, साधारण त्याच जातीचे उपकरण. ती चाललीच नाहीत. टाक्या भरून वाहिल्या. खालचे भुयारी मार्ग, मोटारी, विजेची पॅनेल सगळे मैलापाण्यात बुडाले. शेवटी कर्मचाऱ्यांनी आणीबाणीचे दार उघडून पाणी थेट समुद्रात सोडले. फेब्रुवारीत मिळून सुमारे ८९ कोटी लिटर पावसाचे आणि मैल्याचे मिश्र पाणी प्रक्रियेविना गेले.

किनारे बंद केले, फलक लावले, पाण्यात उतरू नका असे लोकांना सांगितले. किती पाणी गेले तो आकडाही जाहीर केला. मला महत्त्वाचे वाटते ते हेच. मैलापाणी नदीत जात असेल तर ते किती आणि कधीपासून, हे कळले तरच खालच्या गावचा डॉक्टर सावध होऊ शकतो.

पुढचे वर्ष हे एका रुग्णाच्या बरे होण्यासारखे होते. भिजलेल्या मोटारी सुकवणे, बदलणे, तारा नव्याने ओढणे ही कामे रात्रंदिवस चालली. पण यंत्र दुरुस्त झाले म्हणजे केंद्र सुरू झाले असे नव्हे. जीवाणूंची वाढ हुकमाने होत नाही. पोट दीर्घकाळ बिघडलेल्या माणसाला आपण आधी पेज, मग मऊ भात, मग भाकरी देतो, तसे त्या टाक्यांत थोडे थोडे मैलापाणी सोडून जीवाणूंची संख्या वाढवावी लागते. एकदम भार टाकला तर टाकी आंबते. तोवर गाळ बसवणे आणि क्लोरिन देणे एवढ्या अपुऱ्या उपायांवर भागवावे लागले. मे महिन्यात, म्हणजे तीन महिन्यांनी, पूर्ण प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. जुलैत स्वतंत्र तज्ज्ञांचा चौकशी अहवाल आला. सप्टेंबरमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने काउंटीला ३ लाख ६१ हजार डॉलर दंड केला आणि पातळी दाखवणारी व सूचना देणारी उपकरणे सुधारा, आणीबाणीचे प्रशिक्षण द्या, असे बजावले. एका सरकारी यंत्रणेने दुसरीला दंड करावा आणि तो वर्तमानपत्रात छापून यावा, याचे आपल्याला नवल वाटेल. यानंतर सारे सुरळीत झाले असेही नाही. २०१९ आणि २०२१ सालीही विजेच्या अडचणींनी तेथून मैलापाणी बाहेर गेलेच. सुधारणा अशीच अडखळत होते.

आता आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर १९५५ मध्ये, म्हणजे एडमंडसन यांच्याकडे शेवाळ सापडले त्याच वर्षी, दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणीपुरवठा केंद्राच्या तोंडाशी आले. अधिकाऱ्यांच्या लक्षात आले, त्यांनी क्लोरिन वाढवले. विषमज्वराची किंवा हगवणीची साथ आली नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण डिसेंबर-जानेवारीत काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण निघाले. क्लोरिनने जीवाणू मेले, विषाणू वाचला होता. तो काविळीचा ई विषाणू, हे पुष्कळ वर्षांनी साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले. गरोदर बायकांचे मृत्यू त्या साथीत अधिक झाले.

या विषाणूचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर डोळे पिवळे झाले तर दूषित पाणी प्यायले गेले जुलैच्या सुरुवातीला. रुग्ण माझ्यासमोर बसतो तेव्हा फुटलेली पाइपलाइन कधीच दुरुस्त झालेली असते, किंवा अजून फुटलेलीच असते.

आपल्या लहान शहरांत घरोघरी सेप्टिक टँक असतो. तो म्हणजे वेस्ट पॉइंटची फक्त गाळ बसवणारी टाकी. त्यातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना बरे दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते, आणि ते शोषखड्ड्यात न जाता सर्रास उघड्या गटारात सोडलेले असते. त्याच गटारातून किंवा गटाराला लागून नळाची पाइपलाइन गेलेली असते. पाणी सुटते तेव्हा पाइपमध्ये दाब असतो, तडा गेला असेल तर पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की दाब उलटा होतो आणि त्याच तड्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळाला येणारे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. थोडा वेळ जाऊ द्यावे, ते भांडी-झाडांना वापरावे. रंग किंवा वास वेगळा वाटला तर त्याच दिवशी नगरपालिकेत लेखी कळवावे.

पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे की नाही हे ओ. टी. चाचणीने मिनिटभरात कळते. द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असावे लागते. ही चाचणी टाकीजवळच्या घरी करून भागत नाही, गावाच्या शेवटच्या गल्लीत करायला सांगावी. साथीच्या दिवसांत एवढ्यावरही विसंबू नये. दिल्लीचे उदाहरण वर दिलेच आहे. पाणी खळखळून उकळावे आणि त्याच भांड्यात गार करावे. गार करताना गाळण्याच्या निमित्ताने त्यात फडके किंवा हात बुडवू नये. सेप्टिक टँक उपसायचा तर यंत्राच्या गाडीनेच. आत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तेथल्या वायूने माणसे क्षणात दगावतात.

घरात सातवा-आठवा महिना असलेली सून-मुलगी असेल आणि तिला मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळसरपणा दिसला, तर पथ्यपाण्यात एक दिवसही घालवू नका. शेवटच्या तिमाहीत ई प्रकारच्या काविळीने शंभरांतल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तिला माळ घालायला नेऊ नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या.