हृदयाचा चुकलेला ठेका

मैफलीत तबलजीचा ठेका चुकला की, गायक कितीही कसलेला असो, रंगाचा बेरंग होतो. मनुष्याच्या हृदयाचेही तसेच आहे. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की चालताबोलता माणूस पक्षाघाताने आडवा होतो. हा विकार जडलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे ५ पट असतो.

या बेतालपणाचे उगमस्थान बहुधा फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल आइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले. कॅथेटर अॅब्लेशनच्या आजच्या उपचाराचा पाया तोच. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात नेतात आणि त्या शिरांच्या तोंडांभोवतीचे ऊतक उष्णतेने जाळून किंवा अतिशीत फुग्याने गोठवून विद्युत्संदेशांची वाट बंद करतात. अलीकडे हेच काम क्षणमात्र विद्युत्स्पंदांनी केले जाते. त्यात अन्ननलिकेसारख्या शेजारच्या अवयवांना इजा होण्याचे भय कमी असते. अशा पहिल्या उपकरणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली.

विज्ञानाच्या या भरारीचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु स्वागत करताना विवेक सोडून चालणार नाही. २,२०४ रुग्णांवरील ‘कबाना’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. औषधोपचाराच्या तुलनेत अॅब्लेशनने विकार कमी वेळा उलटला, रुग्णांचे जगणे अधिक सुसह्य झाले. मात्र मृत्यू, पक्षाघात आदी गंभीर आपत्ती निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. काहींना ही क्रिया पुन्हा करावी लागते. क्वचित हृदयाला छिद्र पडण्यासारखे संकटही ओढवते. शिवाय ठेका सुधारला म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करणे म्हणजे आगीशी खेळ. ती चालू ठेवायची की नाही, हे रुग्णाचे वय, रक्तदाब, मधुमेह पाहून वैद्यानेच ठरवावयाचे असते.

आमच्या मते खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे. अनेकांना हा विकार जडल्याचे पक्षाघात होईपर्यंत कळतच नाही. त्याचा पहिला सुगावा लागण्यास महागडे यंत्र लागत नाही. मनगटावर दोन बोटे आणि एक मिनिट, एवढे पुरते. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत साठीपुढील प्रत्येकाची नाडी पाहण्याचा आणि ती अनियमित लागल्यास हृदयालेख काढण्याचा परिपाठ शासनाने घालून द्यावा. नाडी पाहण्याची विद्या आपल्याला परकी नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात आजच हाती घ्यावा, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.