आरीवर्क करताय? मग कात्र्या दोन ठेवा!

लग्नसराई जवळ आली की फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातही आरीवर्कच्या ब्लाउजची चर्चा सुरू होते. क्लास लावला, फ्रेम आणली, आरी आणली, मण्यांच्या डब्या भरल्या. कात्री मात्र घरातलीच, कधी तर चक्क दुधाची पिशवी कापायची! गडबड इथेच होते. कापड गिऱ्हाइकाचं असतं. जाड टोक गाठीजवळ नेलं आणि धाग्यासोबत कापडही कापलं गेलं, तर मजुरी जातेच, वर ब्लाउजपीस भरून द्यावा लागतो. साडीतलाच पीस असेल तर तसा दुसरा आणणार कुठून?

भारतात कात्री म्हटलं की मेरठ. तिथल्या कात्रीला २०१३ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जुन्या गाड्यांच्या भंगारातल्या पोलादाची पाती, पितळेची मूठ, आणि पुन्हा पुन्हा धार लावता येते म्हणून आजोबांनी घेतलेली कात्री नातू वापरतो, असं तिचं कौतुक. पण ती मोठी कात्री कापड बेतायला. आरीच्या कामाला छोटी, निमुळत्या टोकाची हवी.

दुकानात नुसती उघड-मीट करून बघू नका. पातळ कापडाची चिंधी सोबत न्या आणि फक्त टोकाने कापा. चिंधी दुमडून पात्यांत अडकली, तर ती कात्री परत ठेवा. बोटं मुठीत सहज जातात का तेही बघा. तासन्‌तास काम केल्यावर घट्ट मूठ बोट सोलते. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच कात्री मागावी. तिची पाती उलटी बसवलेली असतात, त्यामुळे कापायची रेघ नीट दिसते.

आता दोन कात्र्या का? जरदोसी म्हणजे बारीक तारेची स्प्रिंग. तिचे तुकडे करताना धारेला खाचे पडतात आणि मग त्याच कात्रीत रेशीम अडकतं. म्हणून तारेला जुनी, रेशमाला नवी. काश्मीरमध्ये ट्राउट मासा पकडायला हुकावर पिसं नि दोरा गुंडाळून नकली माशी बांधतात ना, त्या कामातही तार आणि पिसं एकाच कात्रीने कापत नाहीत.

रीलमध्ये सँडपेपर कापून धार लावायची ट्रिक दाखवतात. त्याने फार तर धारेवरची कूस निघते, बोथट पातं खरं धारदार होत नाही. धारवाल्याकडे द्याल तेव्हा एक सांगाच: बाहेरचा उतारच घास, आतली बाजू सपाट करू नको. पाती आतून किंचित पोकळ असतात, म्हणून ती फक्त कापायच्या जागीच एकमेकांना टेकतात. ती पोकळी गेली की कात्री कापायचं सोडून चावायला लागते.

कधी कधी धार शाबूत असते, स्क्रूच ढिला झालेला असतो. आधी तो आवळून बघा, धारवाल्याचे पैसे वाचतील. पावसाळ्यात मात्र काम झालं की पाती कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रूपाशी मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि चिंधीवर दोन-चार वेळा चालवा. नाहीतर तेलाचा डाग थेट ब्लाउजवर!