नव्या सायकलीच्या चाकात ट्यूब असते का?

सायकलचे पंक्चर काढताना तुम्ही पाहिलेच असेल. कारागीर टायरमधून ट्यूब बाहेर ओढतो, तिच्यात हवा भरतो आणि पाण्याच्या घमेल्यात ती थोडी थोडी बुडवून पाहतो. जेथून बुडबुडे येतात तेथे भोक! मग ती जागा घासून, सोल्यूशन लावून तो वर ठिगळ बसवतो.

आता समजा, तुम्ही गिअरची नवी सायकल घेतली. तिच्या टायरवर आणि रिमवर 'ट्यूबलेस रेडी' अशी अक्षरे आहेत. 'ट्यूबच नाही, तर पंक्चर कसले?' असे म्हणून तुम्ही जादा ट्यूब न घेता मित्रांबरोबर लांबच्या सहलीला निघालात. घाटात बाभळीचा काटा घुसला आणि दोन मिनिटांत चाक बसले. टायर उघडून पाहता तो काय, आत चक्क ट्यूब!

मग ती अक्षरे खोटी होती का? नाही. त्यांचा अर्थ एवढाच, की हे चाक ट्यूबशिवाय चालवण्याजोगे आहे. ते आज ट्यूबशिवाय चालत आहे, असे ती सांगत नाहीत. अशा पुष्कळ सायकली कारखान्यातून ट्यूब घालूनच बाहेर पडतात. असे का, हे समजण्यासाठी ट्यूब नसताना हवा कशी टिकते, ते आधी पाहू.

ट्यूब काढली तर हवेला पळून जायला तीन वाटा असतात. पहिली, टायरची कड आणि रिम यांमधील फट. दुसरी, रिममधील आऱ्यांची भोके. तिसरी, व्हॉल्व्हचे भोक. ट्यूबलेस चाकात ह्या तिन्ही वाटा बंद कराव्या लागतात. आऱ्यांच्या भोकांवर हवाबंद चिकटपट्टी गुंडाळतात. व्हॉल्व्हच्या बुडाशी रबराची गादी असते. ती बाहेरील चाकीने घट्ट आवळली जाते. राहिली टायरची कड. तिचे काम हवाच करते! चाकात ३० पौंड हवा भरली, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दोन किलोग्रॅमपेक्षा थोडा अधिक भार पडतो. हा भार टायरच्या कडा रिमच्या काठांवर दाबून धरतो. कोंडलेली हवाच आपले दार लावून घेते, असे म्हणा ना!

तरीही टायरच्या अंगातून आणि बारीक फटींतून थोडी हवा झिरपतेच. म्हणून आत एक पातळ द्रव ओततात. त्यात बहुधा रबराचा चीक आणि बारीक कण असतात. काट्याने भोक पडले, की बाहेर धावणारी हवा हा द्रवही तिकडे खेचून नेते. कण भोकात अडकतात, चीक गोठतो आणि बूच बसते. रुईचे पान तोडले, की पांढरा चीक येऊन जखमेवर सुकतो, तसाच हा प्रकार. मोठी चीर मात्र ह्या द्रवाने बुजत नाही.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हा द्रव कायम ओला राहत नाही. त्यातील पाणी उडून जाते आणि काही महिन्यांत तो सुकतो. उष्ण हवेत अधिक लवकर. नवी सायकल मात्र कारखाना, जहाज, गोदाम आणि दुकान असा प्रवास करत महिनोन्‌महिने खोक्यात पडून असते. तेवढ्यात द्रव वाळेल, हवा उतरेल आणि टायरच्या कडा रिमवरून सुटतील. शिवाय दर काही महिन्यांनी द्रव घालण्याची खटपट प्रत्येकालाच नको असते. ट्यूब स्वस्त आणि निर्धोक. म्हणून कारखाना ट्यूब घालतो आणि पुढचा निर्णय तुमच्यावर सोपवतो.

ट्यूबलेसची कल्पना तशी जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत नव्या मोटारींना असे टायर सर्रास बसू लागले. सायकलींसाठी मात्र १९९९ साली फ्रान्समधील माव्हिक कंपनीने दोन टायर कंपन्यांच्या साथीने एक ठराविक पद्धत बाजारात आणली.

तुमच्या सायकलीत काय आहे, ते कसे ओळखाल? चाक जमिनीपासून उचला, कान जवळ नेऊन हळूहळू फिरवा. आत द्रव खळखळला तर बहुधा ट्यूब नाही. आवाज आला नाही, तर मात्र निष्कर्ष काढू नका. द्रव सुकलेलाही असू शकेल. अशा वेळी दुकानात विचारा. टायर स्वतः उघडलात आणि आत ट्यूब नसली, तर कड पुन्हा बसवायला एकदम जोराची हवा लागते. ती साध्या हातपंपाने मिळेलच असे नाही.

आणखी एक सावधगिरी. ट्यूबलेस चाकात ट्यूब घातली तरी चालते. पण साध्या टायरमधून ट्यूब काढून चालत नाही. त्याची कड ट्यूबशिवाय घट्ट बसेल अशी बनवलेली नसते. ती चालत्या सायकलीवर निसटली, तर अपघात ठरलेलाच. टायर आणि रिम दोन्ही ह्या कामाची हवीत, आणि त्यांवर छापलेल्या मर्यादेपेक्षा अधिक हवा भरू नये. ट्यूब काढलेली असो वा नसो, लांबच्या सहलीला एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर ठेवावाच.

शेवटी एक प्रयोग. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत पाणी भरून तोंड बांधा. टोकदार पेन्सिल तिच्यात झटकन आरपार घुसवा. पाणी जवळजवळ गळणार नाही. पिशवी पेन्सिलीला चिकटून बसते. आता पेन्सिल उपसा आणि काय होते ते पाहा. मग सांगा, मोटारच्या ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा रस्त्यातच का उपटू नये?