दगडावर उमटलेलं उच्चभ्रू पॅरिस

‘ल शारिव्हारी’ हे व्यंगचित्रांचं दैनिक १ डिसेंबर १८३२ रोजी पॅरिसमध्ये सुरू झालं. वाचकांना रोज एक नवं चित्र द्यायचं, असं संस्थापक शार्ल फिलिपाँ यांनी ठरवलं होतं. त्या काळी हे मोठं धाडस होतं. तांब्यावर चित्र कोरायला कसबी कारागीर लागे, दिवसचे दिवस जात. शिळाछापात मात्र चित्रकारच थेट दगडावर चित्र काढतो. कोरायचं काही नसतंच.

आलोइस सेनेफेल्डरने १७९८च्या सुमारास बव्हेरियात शोधलेली ही पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चुनखडीची जाड लादी वाळू आणि पाणी घालून घासतात, म्हणजे तिला बारीक रवा येतो. मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या खडूने तिच्यावर चित्र काढायचं, तेही उलटं, म्हणजे कागदावर ते सुलट येतं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल मिसळून वरून फिरवतात. त्याने चरबीची रेघ पक्की बसते आणि मोकळी जागा पाणी धरू लागते. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की ओली जागा शाई घेत नाही, रेघ तेवढी घेते. वर कागद ठेवून दाब द्यायचा.

खरी गंमत त्या रव्यात आहे. खडू हलका फिरवला तर रव्याची फक्त टोकं काळी होतात आणि राखाडी छटा मिळते. जोर दिला तर गडद काळा उतरतो. रेशमी झग्याची चमक आणि हनुवटीखालची सावली एकाच खडूतून निघते. पांढरी रेघ हवी असेल तर चाकूच्या टोकाने खरवडायची.

सुरुवातीला या खडूचा रोख राजा लुई-फिलिपवर होता. त्यापायी व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए १८३२मध्ये तुरुंगात गेला. सप्टेंबर १८३५च्या कायद्याने चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी सक्तीची केली, तेव्हा चित्रकार दरबाराकडून दिवाणखान्यांकडे वळले. त्यांच्यातल्या गाव्हार्नीने फॅशनच्या मासिकासाठी चित्रं काढली होती, त्यामुळे कपड्यांची बेतणी त्याला नेमकी ठाऊक होती. चित्राखालचे संवाद तो स्वतः लिही. दोमिएचे संवाद बऱ्याचदा दुसरेच कोणी लिहीत. त्याचं सगळं बोलणं पात्रांच्या उभं राहण्यातून होई. मला दोमिए अधिक मोठा वाटतो तो यासाठीच.

त्याचं १८६४चं एक चित्र पाहा. सालोन या सरकारी कलाप्रदर्शनात दोन सजलेल्या स्त्रिया उभ्या आहेत, मागच्या भिंतीवर नग्न व्हीनस. यंदाही व्हीनसच, असल्या बायका कुठे असतात का, अशी त्यांची तक्रार. आदल्याच वर्षी सालोनमध्ये चित्रकार काबानेलची व्हीनस गाजली होती आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ती विकत घेतली होती. त्यामुळे वाचकाला संदर्भ सांगावा लागत नव्हता. नग्नतेला हरकत घ्यायची, पण मिरवायला प्रदर्शनात यायचंच, ही त्या उच्चभ्रू वर्गाची रीत दोमिएने दोन चेहऱ्यांत पकडली.

दैनिकातल्या या चित्रांच्या दोन तऱ्हेच्या प्रती मिळतात. काही चांगल्या पांढऱ्या कागदावर संग्राहकांसाठी वेगळ्या काढलेल्या असत, त्यांची मागची बाजू कोरी असते. वर्तमानपत्राच्या प्रतीत मागचा मजकूर पातळ कागदातून झिरपून चित्रात दिसतो.